ट्रॉलीचे टायर निवडताना : नक्षीपेक्षा बाजूची अक्षरे महत्त्वाची

नंदुरबार - दिवाळी सरली, की शहादा आणि तळोदा तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होते. पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा तापी परिसर कारखाना, नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी कारखाना आणि नंदुरबार तालुक्यातील समशेरपूर येथील कारखाना यांच्यामुळे या जिल्ह्यात ऊसवाहतुकीचा व्यवसाय रुजला. कापूस, मिरची, केळी, पपई यांची ने-आणही मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरमागील ट्रॉलीतूनच होते. हंगामाच्या तोंडावर अक्षय्य तृतीयेपासून अंगणात किंवा बांधावर उभ्या असलेल्या ट्रॉल्या बाहेर काढल्या जातात, टायरमध्ये हवा भरली जाते, आणि नक्षी शाबूत दिसली की 'यंदाचे साल निघेल' असा निर्वाळा दिला जातो. फसगत होते ती नेमकी येथे.

मोटारीचा किंवा मालमोटारीचा टायर धावून धावून झिजतो. ट्रॉलीचा टायर बहुधा झिजण्यापूर्वीच मरतो. वर्षातील निम्मा काळ ती एका जागी उभी असते. ऊन, चिखल आणि स्वतःचेच वजन ती एकाच ठिकाणी सोसत राहते. उरलेल्या काळात तिच्यावर क्षमतेपेक्षा अधिक माल लादला जातो. परिणामी रबर आतून कडक होते, बाजूला बारीक चिरा पडतात, आतील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. वरची नक्षी मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक असते. त्यामुळे ट्रॉलीच्या बाबतीत 'टायर गोटा झाला म्हणून बदलला' हे सूत्र अपुरे पडते. टायर कधी बदलायचा आणि कोणता घ्यायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे टायरच्या बाजूवर कोरलेल्या अक्षरांत असतात.

हा विषय केवळ शेतकऱ्यांचा नाही. सुरत-धुळे महामार्गावर किंवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर रात्रीच्या वेळी मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे अशी एखादी ट्रॉली असतेच. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'ट्रेलर' म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन, अशी व्याख्या आहे, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शेती ट्रेलर हा मुख्यतः शेतमालाच्या वाहतुकीसाठी असतो. माणसे नेण्यासाठी तो नाही. तरीही लग्नाचे वऱ्हाड, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला निघालेली कुटुंबे आणि मजूर यांच्यासाठी ट्रॉलीच जुंपली जाते, हे जिल्ह्यातील वास्तव आहे. अशा वेळी फुटणारा टायर फक्त मालाचे नुकसान करून थांबत नाही.

धाव ते टायर

टायर बदलणे ही गोष्ट खेड्याला नवी नाही. लाकडी चाकाला आरे, तुंबा आणि पाटे असत, आणि त्यावर लोखंडाची 'धाव' चढवली जाई. लोहार ती धाव तापवून फुगवी, गरम असतानाच चाकावर बसवी आणि पाणी ओतून आवळून घेई. धाव सैल झाली की चाक खिळखिळे होई, म्हणून ती काढून पुन्हा बसवावी लागे. तो बदली टायरच होता. फक्त रबराऐवजी लोखंडाचा. हवेचा टायर आला तो जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याच्या १८८८ च्या पेटंटनंतर. पुढे डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे कारखाना काढला आणि बैलगाडीसाठीही हवेचे टायर बाजारात आणले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा विषय नंतर देशपातळीवर लावून धरला.

राज्याच्या ऊसपट्ट्यात 'टायर गाडी' या नावाने ओळखली जाणारी बैलगाडी ही त्याच परंपरेतील. तिच्यासाठी ६.००-१९, ७.००-१९, ८.००-१९ अशा मापांचे वेगळे टायर मिळतात. त्यांच्यावर 'एडीव्ही', म्हणजे जनावराने ओढायच्या वाहनासाठी, अशी खूण असते. हा टायर बैलाच्या चालीसाठी घडवलेला असतो. बैलगाडीचा साटा ट्रॅक्टरला जोडून छोटी ट्रॉली तयार करण्याची युक्ती अनेक ठिकाणी वापरली जाते. तेथे हा टायर तसाच ठेवला, तर ट्रॅक्टरच्या वेगाने त्यात जी उष्णता निर्माण होते ती पेलण्याची त्याची तयारी नसते. युक्ती करणाऱ्याने चाकांचाही विचार केला पाहिजे.

बाजूवर काय लिहिलेले असते?

ट्रॉलीच्या टायरवर ९.००-१६ असे माप दिसते. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा आकडा तो ज्या डिस्कवर बसतो तिचा व्यास. मध्ये साधी आडवी रेघ असेल तर टायर बाजारात ज्याला 'नायलॉन' म्हणतात त्या जातीचा; रेघेऐवजी 'आर' असेल तर रेडियल. जिल्ह्यात ७.५०-१६, ९.००-१६ आणि मालमोटारीचे ९.००-२० ही मापे नेहमी दिसतात. सोळा इंची डिस्कवर वीस इंची टायर बसणार नाही हे उघड आहे, पण ७.५० च्या जागी ९.०० बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास डिस्कची रुंदी पुरेशी आहे का, टायर साट्याला किंवा पाट्याला घासतो का आणि ट्रॉलीची उंची वाढल्याने हुकाशी असलेली पातळी बिघडते का, हे तिन्ही तपासावे लागते. टायर मोठा झाला म्हणून आसाची ताकद वाढत नाही, ही बाब विसरली जाते.

मापाशेजारी '१४ पीआर', '१६ पीआर' असे लिहिलेले असते. अनेकांचा समज असा, की टायरमध्ये तितके थर असतात. सुती धाग्यांच्या काळात ते खरे होते. नायलॉनचा धागा त्याहून मजबूत असल्याने थर कमी लागतात. आज हा आकडा ताकदीची श्रेणी सांगतो. जुन्या १६ पीआर टायरच्या जोडीला स्वस्त पडतो म्हणून १२ पीआर बसवला, तर वजन दोघांवर सारखेच येते आणि कमकुवत टायर आधी जातो.

नव्या टायरवर भारांक आणि वेगाचे अक्षरही असते. भारांक म्हणजे किलो नव्हेत; तो तक्त्यातील क्रमांक आहे. १२१ म्हणजे १,४५० किलो, १२५ म्हणजे १,६५० किलो, १३१ म्हणजे १,९५० किलो, १४० म्हणजे २,५०० किलो. मालमोटारीच्या टायरवर १४०/१३७ असे दोन आकडे असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. शेतीच्या टायरवरील 'ए८' हे अक्षर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा दाखवते, तर 'जे' ताशी १०० किलोमीटरची. लिहिलेला भार त्या वेगापुरता आणि ठरवून दिलेल्या हवेपुरताच खरा असतो.

चौथी खूण लंबगोलात दडलेली चार आकडी संख्या. '३२२३' म्हणजे टायर २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. ट्रॉलीसाठी ही सर्वांत मोलाची खूण आहे, कारण येथे किलोमीटरपेक्षा वय मोजावे लागते. पाच-सहा वर्षांनंतर दर हंगामापूर्वी टायर उतरवून आतून पाहणे इष्ट. दहा वर्षे झालेला टायर कितीही नवा दिसला तरी त्याला रस्त्यावर आणू नये. दुकानात 'नवा' म्हणून दिला जाणारा टायरही कधी गोदामात तीन-चार वर्षे पडून राहिलेला असतो. वाहनांच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने बंधनकारक झाले आहे. तेही त्याच बाजूवर शोधावे.

माल पाहून हिशेब

टायर निवडण्यापूर्वी ट्रॉलीत काय भरणार, हे ठरवावे लागते. नंदुरबारची मिरची ट्रॉली काठोकाठ भरते, पण वजनाला हलकी. कापसाचेही तसेच, तेथे चिंता वजनाची नाही, उंच रचलेल्या मालाच्या झुलण्याची. ऊस, मुरूम, विटा आणि पाणी यांचा हिशेब मात्र वेगळा. ट्रॉली डोळ्यांना अर्धी दिसत असतानाच वजनाची मर्यादा ओलांडली जाते.

पाण्याच्या टँकरचे उदाहरण सर्वांत सोपे, कारण तेथे अंदाजाला जागा नाही. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच हजार किलो. रिकाम्या चारचाकी टँकरचे वजन दीड हजार किलो धरल्यास एकूण साडेसहा हजार, म्हणजे प्रत्येक चाकावर १,६२५ किलो. तक्त्यानुसार १२५ भारांकाचा टायर जेमतेम पुरतो. प्रत्यक्षात रस्ता सपाट नसतो. उतारावर पुढची चाके दबतात, वळणावर बाहेरची, आणि पाणी हिंदकळत असते. म्हणून वीस टक्के जादा धरावे; तो आकडा १,९५० किलो होतो आणि टायर १३१ भारांकाचा लागतो. उन्हाळ्यात सातपुड्यातील पाड्यांकडे चढणारा टँकर जुन्या, निवृत्त टायरांवर चालवणे किती धोक्याचे आहे, हे या साध्या गुणाकारावरून कळावे.

दोनचाकी ट्रॉलीत काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो. तरी उरलेला दोनच टायरांवर येत असल्याने प्रत्येकावरील वजन चारचाकीपेक्षा बरेच जास्त असते. अशा ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे ६.००-१६ मापाचे टायर लावलेले दिसतात. ते सुटसुटीत आणि सहज मिळणारे असले तरी जड मालासाठी ते नाहीत.

भाराची मर्यादा कागदोपत्री नोंदणी पुस्तकात असते आणि ती ओलांडल्यास दंडही मोठा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. याहून मजबूत टायर बसवला म्हणून नोंदणीतील मर्यादा वाढत नाही.

नायलॉन की रेडियल?

रेडियल टायर कमी तापतो, लांबच्या डांबरी रस्त्यावर अधिक टिकतो आणि ओढायलाही हलका जातो. मात्र त्याची बाजू लवचीक व पातळ असते. शेतातील तुराट्या-पऱ्हाट्यांचे खुंट, नदीपात्रातील गोटे, पाड्यांच्या वाटेवरील धारदार दगड यांनी ती कापली जाते. नायलॉन टायरची बाजू जाड असल्याने असा मार सोसते. शिवाय तो स्वस्त पडतो आणि गावातील पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येतो. शेत ते कारखाना अशा वीस-पंचवीस किलोमीटरच्या संथ फेऱ्यांसाठी नायलॉन टायर पुरेसा आहे. ज्यांची वाहतूक बहुतांशी महामार्गावर आहे, त्यांनी रेडियलचा विचार करावा. एकाच आसावर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असा संसार मांडू नये. दोन्हींची दबण्याची रीत वेगळी असल्याने ट्रॉली एका अंगाला खेचते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागची शेपटासारखी हलू लागते.

नक्षीबाबतही एक गैरसमज आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला चिखलात पकड हवी म्हणून खोल, तिरपी नक्षी लागते. ट्रॉलीचे चाक स्वतः ओढत नाही, ते फक्त मागे फिरते. त्याला सरळ रेषांची नक्षी पुरते. आडदांड नक्षीचा टायर दिसायला दणकट, पण रस्त्यावर तो अधिक तापतो आणि डुगडुगतो. नक्षीची किमान खोली मात्र पाळावीच लागते. दुचाकी-तिचाकी वगळता इतर वाहनांसाठी नियमांत १.६ मिलिमीटरची मर्यादा आहे.

जुने आणि रिमोल्ड

ट्रॉलीला नवे टायर घेणारे थोडे. मालमोटारीवरून उतरलेले जुने टायर किंवा रिमोल्ड केलेले टायर यांचाच बाजार मोठा आहे, आणि त्यात सरसकट वाईट काही नाही. सांगाडा मजबूत असेल आणि नवे रबर नीट चढवले असेल, तर रिमोल्ड टायर ट्रॉलीच्या वेगाला चांगला चालतो. घेताना वरचे काळेभोर रबर पाहू नये. मूळ टायरची चार आकडी तारीख वाचावी, बाजू दोन्ही हातांनी दाबून चिरा उघडतात का पाहावे, आत हात फिरवून फुगीर भाग, उघडे धागे किंवा मोठे ठिगळ लागते का तपासावे, आणि नव्या-जुन्या रबराच्या सांध्यावर नख लावून पाहावे. बाजूवरचे अंक घासून टाकलेले असतील, तर तो टायर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. काळा रंग मारून चकचकीत केलेल्या टायरविषयी दुप्पट संशय बाळगण्यास हरकत नाही.

नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालणे ही आणखी एक खोटी काटकसर. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते. आत तिला घडी पडते आणि तेथेच ती फाटते. ट्यूब आणि फ्लॅप टायरसोबतच बदलावेत.

वीस इंची डिस्कला लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट न बसता हवा भरली गेली, तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. हवा भरणाऱ्याच्या जिवावर बेतते. चाक उतरवण्याआधी हवा पूर्ण सोडणे, भरताना चाक पिंजऱ्यात ठेवणे किंवा साखळीने जखडणे आणि समोर उभे न राहणे, हे साधे नियम रस्त्याकडेच्या टपरीवरही पाळले गेले पाहिजेत.

हवा आणि ऊन

टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो हे खरे, पण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार कमी हवा हा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्याने आत उष्णता साठते आणि थर सुटतात. 'ऊन आहे, हवा थोडी कमीच ठेव' हा सल्ला त्यामुळे घातक ठरतो. हवा सकाळी, चाके थंड असताना मोजावी आणि बाजूवर लिहिलेल्या भाराच्या प्रमाणात ठेवावी. चालून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला दिसतो, तो सोडून कमी करू नये. पायाने लाथ मारून हवा ओळखणारे अनुभवी चालक पुष्कळ आहेत. मीटर मात्र शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

कोंडाईबारी, चरणमाळ किंवा चांदशैली घाट उतरताना तर याला अधिक महत्त्व येते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सारा भार ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. अशा वेळी ट्रॉलीचा एक टायर बसला, तर ती आडवी फिरून ट्रॅक्टरलाच ढकलते. घाटाच्या माथ्यावर थांबून चारही चाकांच्या तुंब्यांजवळ हात धरून पाहावा. एकच चाक इतरांपेक्षा गरम लागत असेल तर बेअरिंग किंवा हवा यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. टायर एकाच कडेने झिजत असेल, तर नवा घेण्यापूर्वी आस वाकला आहे का ते लोहाराकडून किंवा गॅरेजमध्ये तपासून घ्यावे. नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडून भटकंती करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे अजून तुरळक आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर या प्रकाराची चर्चा वाढली. त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो, किंबहुना अधिकच. सुट्टीपुरता बाहेर निघणारा ट्रेलर ट्रॉलीपेक्षाही जास्त काळ उभा असतो आणि मोटारीच्या वेगाने, म्हणजे ट्रॅक्टरच्या दुपटी-तिपटीने धावतो.

खरेदी आणि साठवण

करांच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून फरक पडला आहे. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के, तर इतर नव्या टायरवरील २८ वरून १८ टक्के झाला. ट्रॉलीला मालमोटारीचा टायर घेतल्यास ५ टक्क्यांचा दर मिळेलच असे नाही. दुकानदाराला आधी विचारून घ्यावे. बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, त्याशिवाय पुढे कंपनीकडे दावा टिकत नाही. जादा भाराने फुटलेल्या टायरचा दावा तर कंपन्या सहसा फेटाळतातच.

हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून आस दगडी किंवा लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा, म्हणजे टायरवर वजन राहत नाही. ते जमत नसेल तर हवा पूर्ण ठेवून महिन्यातून एकदा ट्रॉली हातभर पुढे-मागे सरकवावी. ऊन लागणाऱ्या बाजूच्या चाकांवर पोती टाकावीत. शेणखताच्या ढिगात, डिझेल सांडलेल्या जागी किंवा पाणी साचणाऱ्या खड्ड्यात चाके उभी करू नयेत.

राहता राहिली स्टेपनी. ट्रॅक्टरमालक ट्रॉलीसाठी जादा चाक क्वचितच ठेवतात. पंक्चर झाले की चाक काढून दुचाकीवरून गावात नेतात आणि तोवर भरलेली ट्रॉली रस्त्यातच जॅकवर उभी असते. नवे चार टायर घेताना उतरवलेल्यांपैकी सर्वांत कमी वयाचा, चिरा नसलेला एक टायर डिस्कसह ट्रॉलीखाली टांगून ठेवावा, आणि त्यासोबत जॅक, दोन मोठे दगड व लाल परावर्तक पट्टी.